थंड धुराचे अण्णा

आमच्या शेजारचे सिद्राम बिराजदार, म्हणजे सगळ्या बिल्डिंगचे अण्णा, यांच्या घरात अंडं येत नाही. अंडं ही फार पुढची गोष्ट झाली. अंड्याचा केक ज्या सुरीनं कापला ती सुरीसुद्धा येत नाही. एकदा माझ्या वाढदिवसाचा केक मी नेऊन दिला, तेव्हा त्यांनी ताटली दाराबाहेरच्या चपलांच्या स्टँडवर ठेवून घेतली आणि "अंडं हाय का ह्याच्यात?" असं मला न विचारता केकलाच विचारलं. केक काही बोलला नाही. तो स्टँडवरच राहिला.

तर असे हे अण्णा, नॉर्वेच्या धुरी दिलेल्या सामन माशावरचे सोलापुरातले एकमेव अधिकारी पुरुष आहेत.

एकमेव म्हणते, कारण दुसरा असल्याची तक्रार अजून माझ्याकडे आलेली नाही. मी सोसायटीची सेक्रेटरी आहे, तक्रारी माझ्याकडेच येतात. माझ्या फ्रिजवर कायम याद्या लावलेल्या असतात: पाणी कधी येणार त्याची, माणसं कधी येणार त्यांची, आणि येतो म्हणून न आलेल्यांची. तिसरी सगळ्यात लांब आहे. प्लंबर तिच्यात कायमचा राहायला आलाय.

अण्णा चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात रंगखात्यात होते. परदेशी ऑर्डरींचे रंग जुळवायचे. निळ्यात किती निळा, पांढऱ्यात किती कमी पांढरा, असल्या गोष्टींत त्यांची हयात गेली. कारखान्यात 'सालमन' नावाचा एक रंग होता. गुलाबी म्हणावा तर नारिंगी, नारिंगी म्हणावा तर आजारी. त्या रंगाचे टॉवेल अण्णांनी गाड्या भरभरून परदेशी पाठवले. सालमन हे कुणा मडमेचं नाव असावं, अशी त्यांची समजूत होती. तो मासा आहे, आणि त्याचा खरा उच्चार सामन, हे त्यांना निवृत्त झाल्यावर कळलं. शाकाहारी माणसानं जन्मभर माशाच्या रंगात हात बुडवले, हा धक्का एखाद्यानं प्रायश्चित्त घेऊन पचवला असता. अण्णांनी अभ्यास घेऊन पचवला, आणि मग पचवायला आम्हाला दिला.

त्यांना श्रोता कुठंही चालतो. पाण्याचा टँकर आला की आम्ही बादल्या घेऊन रांगेत उभ्या असतो, हात अडकलेले असतात, कान मोकळे असतात. अण्णांना नेमकं हेच हवं असतं.

"अक्का, ऐका की. आपल्याकडं देव मासा झाला कशासाटी? जग वाचवायला. व्हय का न्हाई? त्यांच्या पुराणात पण एक देव मासा झाला. सामन झाला. कशासाटी? भांडणं लावून पळून जायला."

"मग?"

"मग दुसऱ्या देवानं त्याला शेपटीला धरला. घट्ट. म्हणून सामनची शेपटी तितं बारीक हाय."

एवढ्यात टँकर संपतो आणि माझी बादली अर्धीच राहते. नॉर्वेतल्या देवानं पकडलेल्या शेपटीपायी सोलापुरात आंघोळ हुकते ती अशी.

सोसायटीच्या वार्षिक सभेत विषय लिफ्टचा होता. लिफ्ट मधल्याच मजल्यावर अडकते, एवढाच. अण्णा उभे राहिले आणि म्हणाले, जुन्या काळी नॉर्वेत नद्यांना इतका सामन यायचा की गडीमाणसं कामावर राहताना मालकाला अट घालायची, की आम्हाला रोज रोज सामन वाढू नका. "आज तोच मासा मोठ्या सणाला ताटात असतो. म्हणजे काय? दिवस फिरतात. लिफ्टचे बी फिरतील." मी विचारलं, असा करार कुणी बघितलाय का? अण्णा म्हणाले, "न्हाई. लोक सांगतात, पण कागद कुणाला सापडला न्हाई." मी इतिवृत्तात लिहिलं: लिफ्टबाबत चर्चा झाली.

पलीकडच्या विंगमधल्या म्हातारबाई गेल्या, तेव्हा आम्ही भेटायला गेलो. अण्णाही आले. थोडा वेळ सगळे गप्प बसले. शांतता ही अण्णांना नेहमी स्वतःसाठी राखून ठेवलेली जागा वाटते. ते हळूच म्हणाले, "तितले कोळी लोक मासा मीठ लावून वाळूत पुरायचे. त्यांच्या भाषेत पुरण्याला ग्राव्ह म्हंतात, म्हणून त्याचं नाव ग्राव्हलाक्स. पुरलेलं वाया जात न्हाई बघा." आणि डोळे पुसले. ज्यांची आई गेली होती त्यांनीही पुसले. मी एकटीच चप्पल शोधत होते.

लाक्स म्हणजे सामन. त्यांना सॅलमन म्हटलेलं चालत नाही, आणि कुणी "म्हणजे आपला रावसच की" म्हटलं तर अण्णा त्या माणसाशी आठवडाभर बोलत नाहीत. त्यामुळे हे वाक्य बिल्डिंगमध्ये बरंच लोकप्रिय आहे. मी स्वतः गरजेप्रमाणे वापरते.

इंग्रजांवर त्यांचा राग आहे तोही याच कारणानं. "आपल्याकडं आले ते कर घ्यायला. तितं गेले ते नदीकाठी बंगले बांधून सामनला गळ टाकायला. मजा तितं केली, कायदे हितं केले." जपानबद्दल मात्र आदर. जपानी माणूस म्हणे हा मासा कच्चा खायला तयारच नव्हता; नॉर्वेवाल्यांनी चिकाटीनं गोडी लावली. "मासे खाणाऱ्याला मासा विकणं म्हंजे काय? बाहेरच्या माणसानं सोलापुरात येऊन शेंगाचटणी विकण्यातला प्रकार हाय." पण या सगळ्यात त्यांना खरी धन्यता वाटते ती एकाच गोष्टीत: तिकडं पाळीव सामनला मांसाचा रंग खाद्यातून देतात आणि तो ठरवायला छटांचं कार्ड असतं. "शेडकार्ड, अक्का. माशाला शेडकार्ड." हे सांगताना त्यांचा आवाज कीर्तनकारासारखा दाटून येतो.

आणि या सगळ्याच्या वर त्यांचा एक मंत्र आहे: "धूर थंड पाहिजे."

धुरी दोन तऱ्हेची, हे मलाही आता झोपेत सांगता येईल. गरम धुरात मासा शिजतो. थंड धुरात शिजत नाही. नुसता मुरतो, मऊ राहतो, आणि मग तो इतका पातळ कापतात की खालच्या ताटलीची नक्षी दिसावी. त्यासाठी धूर लांबून, हळू, गार करून आणावा लागतो. घाई केली की मासा वरून काळा आणि आतून वाया. सोलापुरात, जिथं मे महिन्यात नळाचं थंड पाणी म्हणून जे येतं त्यात चहा होतो, तिथं हा माणूस थंड धुराचा प्रचार करतो. नवरा-बायकोचं भांडण झालं, धूर थंड पाहिजे. पार्किंगवरून बाचाबाची झाली, धूर थंड पाहिजे. माझ्या यजमानांनी एकदा वैतागून विचारलं, "अण्णा, तुम्ही खाल्लाय का हो कधी?" अण्णा म्हणाले, "शिव शिव. काय बोलताय."

धुरीला लागणाऱ्या भुशाची चौकशीही त्यांनी करून ठेवली होती. सलमानभाई आमच्याच गल्लीत फर्निचर करतात. अण्णा त्यांच्या दुकानात उभं राहून रंगखात्यातल्या जुन्या सवयीनं धुरी दिलेल्या 'सालमन'वर बोलत होते, तेव्हा सलमानभाईंनी रंधा बाजूला ठेवला. "क्या अण्णा, मेरेकू धुरी देको खाते सो लोगां किधर के हैं?"

"नॉर्वेचे."

"फिर ठीक है. दूर के हैं."

आता इतकं वाचल्यावर कुणालाही वाटेल की रिकामपणाचा आजार आहे, दुसरं काही नाही. मलाही तेच वाटायचं, आणि मी तसं चारचौघांत बोलूनही दाखवायचे. पण आमच्या आणि अण्णांच्या घरामध्ये एकच भिंत आहे आणि ती बिल्डरनं बांधलेली आहे. त्यामुळे मला काही गोष्टी न विचारता माहीत आहेत.

अण्णांची मुलगी अंबिका नोकरीसाठी नॉर्वेत गेली. बायको आधीच वारलेली. घरात ही दोघंच होती, मग एकटे अण्णा उरले. अंबिकानं तिकडंच लग्न ठरवलं. मुलगा लार्स, इंजिनिअर. त्यावर अण्णांचं काही म्हणणं नव्हतं. पण मुलाचे वडील समुद्रकाठच्या एका गावात मासे धुरावण्याचा धंदा करतात, त्यांच्या आजोबांपासूनचा, असं तिनं सांगितलं, आणि भिंतीतून अण्णांचं एक वाक्य आमच्या स्वयंपाकघरात आलं. "मासे धुरावणाऱ्याच्या दारात बिराजदार येणार न्हाई." मी कुकरच्या शिट्टीची वाट पाहत होते. शिट्टी नंतर झाली.

तिकीट आलं होतं, ते गेले नाहीत. लग्न झालं. त्यानंतर अंबिकाचा फोन दर रविवारी यायचा आणि तो मला पाठ झाला होता. आमचे अण्णा, तिचे अप्पा. जेवलात का अप्पा. गोळी घेतली का. उकाडा आहे का. ठेवू? चार वाक्यं, चारही सभ्य. बँकेतून येणाऱ्या फोनमध्ये याहून जास्त आपुलकी असते.

यंदा एप्रिलमध्ये अण्णा आमच्याकडे आले आणि न बसता म्हणाले, "व्याही येतायत. अंबिका घेऊन येतीय. सतरा मेला हितं असतील."

"मेमध्ये? सोलापुरात? कुणी सुचवलं त्यांना?"

"त्यांनीच ठरवलं. त्यांना मे म्हंजे वसंत वाटतो."

व्याह्यांचं नाव ऑड. अण्णांनी हे इतक्या गंभीरपणे सांगितलं की मला खोकला काढावा लागला. धाकट्या भावाचं नाव ईव्हन, हेही त्यांनी सांगितलं. पाण्याच्या यादीत सम-विषम तारखा लिहिणाऱ्या बाईला असली माहिती देऊ नये.

"सतरा मे त्यांचा झेंड्याचा दिवस असतो, अक्का. सकाळी सगळे न्याहारीला एकत्र बसतात. टेबलावर लाक्स असतोच. मला त्या दिवशी त्यांच्यापुढं लाक्स ठेवायचाय."

"तुमच्या घरात?"

"माझ्या घरात."

मी त्यांना खुर्ची दिली. पाणी दिलं. माझ्या मते उन्हाचा त्रास होता.

ते बसले आणि ग्लासकडे बघत म्हणाले, "लग्नात त्यांनी माझी खुर्ची मांडली होती. मी येणार न्हाई म्हटलेलं असताना. ताट वाढलं होतं, बटाटे, बीट, असलं. सगळ्या पंगतीत मासा, आणि माझं ताट बिनमाशाचं. पोरीनं फोटो पाठवला होता, खाली काय लिहिलं न्हाई." मग ग्लास खाली ठेवून म्हणाले, "मी नसताना त्यांनी माझं ताट राखलं. ते असताना मी त्यांचं राखू नये व्हय?"

मी व्यवहारी बाई आहे. उत्तर सुचलं नाही की मी यादी करते. कागद घेतला आणि विचारलं, "काय काय लागेल?"

मासा घरात येणार नव्हता, हे पहिलं. मग त्या रंगाचं, त्या मऊपणाचं, पातळ कापता येईल असं काय? गाजरं मेमध्ये मिळतात ती गाजराच्या आठवणींसारखी. अण्णांनी फळबाजार पालथा घातला. एकेक फळ कापायला लावून खिशातला सालमन टॉवेलचा तुकडा शेजारी धरायचे. विक्रेत्यांना वाटलं, सरकारी तपासणी आली. शेवटी करमाळ्याकडची एक पपई जुळली. "शेड तंतोतंत," अण्णा म्हणाले. पपईला असा मान पूर्वी मिळाला नसावा.

अंड्याची भुर्जी त्या न्याहारीत लागतेच. त्याजागी पिठलं ठरलं. दिसायला भुर्जीच, आणि चवीला भुर्जीपेक्षा बरं, असं मी म्हणते. मी भुर्जी खाते, तेव्हा मला अधिकार आहे. पाव नको, कडक भाकरी. ही मात्र तडजोड नव्हती: तिकडेही पापडासारखी पातळ, कडक भाकरी करून महिनोन्‌महिने ठेवतात म्हणे. यादीत मी माझ्या जबाबदारीवर एकच गोष्ट घातली. ताक. मे महिन्यात परक्या माणसाला सोलापुरात ताकाशिवाय बसवणं म्हणजे गुन्हा.

राहिला थंड धूर.

सोसायटीचं एक जुनं लोखंडी कपाट गच्चीवर आहे, त्यात गणपतीची आरास असते. अण्णांनी ती कुठलीही नोंद न करता बाहेर काढली आणि कपाटात तारेच्या जाळ्या बसवल्या, मीठ लावलेले पपईचे काप पसरायला. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला पत्र्याचा डबा, त्यात सलमानभाईंनी दिलेला आंब्याच्या लाकडाचा भुसा. आधी कडुनिंबाचा दिला होता. त्या धुरीत पपईची गोळी झाली, तापावरची. डब्यापासून कपाटापर्यंत पत्र्याचा लांब पाइप, त्यावर ओल्या सोलापुरी चादरी गुंडाळलेल्या, चादरींवर बर्फाच्या लाद्या, आणि शेजारी कूलर भणभणत ठेवलेला. मी पाहिलं तेव्हा पाइप एखाद्या गारठलेल्या अजगरासारखा दिसत होता आणि अण्णा घामानं निथळत त्याच्यावर पाणी मारत होते. टँकरचं पाणी. मी बघितलं नाही असं केलं. सेक्रेटरीला कधीकधी असं करावं लागतं.

सराव बरेच दिवस चालला. धूर गार झाला की जड होतो आणि खाली बसतो, हे विज्ञान आम्ही सगळ्यांनी आपापल्या स्वयंपाकघरात शिकलो. वाळत घातलेल्या साड्यांना वास लागला. तळमजल्यावरच्या वकीलसाहेबांनी लेखी तक्रार दिली. मी त्यांना उत्तर दिलं: आपली तक्रार मिळाली, धूर थंड आहे, काळजी नसावी.

सोळाच्या संध्याकाळी पाहुणे आले. ऑड म्हणजे सहा फुटांचा, पांढऱ्या केसांचा माणूस. पार्किंगपासून लिफ्टपर्यंत येईतो चेहरा पपईच्या शेडचा झाला होता. लिफ्ट अडकली होती, त्यामुळे पुढे तो आणखी पिकला. अंबिकानं अण्णांना वाकून नमस्कार केला, "उकाडा आहे" म्हणाली, "गोळी घेतली का" म्हणाली. फोनवरची तीच वाक्यं प्रत्यक्ष येऊन उभी राहिली, एवढाच फरक. प्रवासानं थकलेली होती, ती लगेच झोपली.

सकाळी ऑड सगळ्यांच्या आधी उठून, आंघोळ करून, कोट घालून तयार. झेंड्याचा दिवस म्हणून कोट. पंख्याखाली कोट घालून बसलेला तो माणूस बघून मला आधी हसू आलं आणि मग मी पंखा पाचवर केला. अण्णा म्हणाले, अंबिकाला उठवू नका, दमलीय पोर. वाढायला मी होते.

आधी मानपान. अण्णांनी व्याह्यांना टोपी घातली, हातात नारळ दिला आणि खांद्यावर टॉवेल टाकला. रंग सालमन. कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्याकडून मुद्दाम मागवलेला. ऑडनं टॉवेल हातात घेतला, उजेडाकडे धरला, आणि अण्णांकडे पाहून हळूच म्हणाला, "लाक्स." अण्णांनी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या रंगकामाला योग्य परीक्षक भेटला होता.

मग ताट आलं. कडक भाकरी, पिठलं, आणि वर पपईचे पातळ काप, घडी घालून, शेपूची काडी लावून. ऑडनं एक काप उचलला, वास घेतला. तोंडात टाकला. अण्णा उभेच होते.

मी कोपरानं त्यांना खुणावलं. "अण्णा, सांगा की ते. गड्यांचं. शेपटीचं. इंग्रजांचं." कारण आता माझ्या लक्षात आलं होतं की टँकरपाशी, सभेत, अगदी सांत्वनालासुद्धा, हा माणूस आमच्यावर तालीम करत होता. आम्ही फक्त रिकाम्या खुर्च्या होतो. खरा श्रोता आज येऊन बसला होता. आणि अण्णांच्या तोंडून एक शब्द निघेना. त्यांनी मान हलवली आणि पिठल्याचा चमचा नीट ठेवला.

ऑड म्हणाला, "ताक."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. बिचाऱ्याला अंबिकानं शिकवलं असणार. मी लगेच ग्लास भरून दिला. त्यानं थोडं चकित होऊन घेतला, प्यायला, आणि म्हणाला, "ताक." मी दुसरा दिला. तो अर्धा झाल्यावर मी भाकरी वाढली, तर पुन्हा, "ताक." माणसाला आवडलंय म्हटल्यावर हात आखडता घेऊ नये. चौथ्याला त्यानं कोटाचं बटण सोडलं. पाचव्याला तो अण्णांकडे मदतीसाठी बघायला लागला. अण्णा कौतुकानं म्हणाले, "खारवलेल्यावर तहान लागतेच की."

तेवढ्यात अंबिका बाहेर आली. टेबलावरचे ग्लास बघितले, सासऱ्यांचा चेहरा बघितला. "मावशी, किती पाजलंत त्यांना?"

"त्यांनीच मागितलं. सारखं ताक ताक म्हणतायत."

"मावशी, ते थँक्यू म्हणतायत. त्यांच्यात थँक्यूला ताक म्हणतात."

एवढं आभारप्रदर्शन मी कुणाच्याही पोटात ओतलेलं नाही. ऑडला तिनं त्यांच्या भाषेत सांगितलं, आणि तो माणूस खुर्चीत मागे रेलून असा हसला की टोपी पडली. अंबिकाही हसत होती. हसता हसता तिचं लक्ष ताटाकडे गेलं, त्या केशरी कापांकडे, आणि ती थांबली.

"हे काय आहे?"

मीच सांगितलं. "पपई. अण्णांनी धुरी दिलीय, बरेच दिवस सराव करून. ह्यांचं ताट बिनमाशाचं राहू नये म्हणून."

ऑड उठला आणि अण्णांना म्हणाला, "शो मी." धंदेवाईक माणूस, जेवण झालं, आता भट्टी दाखवा.

आम्ही गच्चीवर गेलो. ऊन तोवर नेहमीच्या कामाला लागलं होतं. ऑड कोटासकट पाइपशेजारी उकिडवा बसला, अण्णा त्याच्या शेजारी बसले. बर्फ वितळून गेला होता, चादरींवर वाफ होती. ऑडनं कपाटाचं दार उघडून आत हात धरला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि मान हलवली.

"वॉर्म," तो म्हणाला.

"यस," अण्णा म्हणाले. "टू हॉट."

त्यांच्याकडे इंग्रजी बेताचंच आहे, आणि जे आहे ते रंगखात्यातलं आहे. पाइपकडे बघतच ते म्हणाले, "मॅरेज टाइम. माय स्मोक. टू हॉट. व्हेरी टू हॉट."

ऑडला किती कळलं ते मला माहीत नाही. मग त्यानं अण्णांच्या गुडघ्यावर हात ठेवला, कपाटात धरलेला तोच हात, आणि म्हणाला, "माय फर्स्ट इयर, ऑल ब्लॅक. ऑल." मग पाइपकडे बोट दाखवलं. "लाँगर पाइप. स्लोली."

अंबिका जिन्याच्या दारात उभी होती. मला वाटलं, आता ही रडणार. मी पदर सावरला, कारण असल्या वेळी माझा पदर लागतो. ती पुढे आली, जाळीवरचा एक काप उचलून तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं.

"अप्पा, किती मीठ घातलंय हे? बीपी आहे ना तुम्हाला? आणि सरावाचे काप कोण खात होतं इतके दिवस, तुम्हीच ना? गोळी घेतो म्हणून मला फोनवर सांगायचं आणि इथं मीठ खात बसायचं. चप्पल कुठाय? पाय भाजत नाहीत? आणि हा कूलर. हा आपल्या खोलीतला कूलर आहे. हा गच्चीवर आहे तर तुम्ही झोपता कसे? मेमध्ये? कुणी बघायला नाही म्हणून काहीही करायचं का? मावशी, तुम्ही तरी..."

मी सोसायटीच्या वतीनं गप्प राहिले.

ती बोलतच होती. बनियन बघा, चेहरा बघा, आरशात बघता की नाही, परवा डॉक्टरकडे जायचं, मी नंबर लावते. चार वाक्यं कधीच मागे पडली होती. अण्णा खाली बसून तिच्याकडे मान वर करून ऐकत होते. त्यांनी एकदाही 'धूर थंड पाहिजे' म्हटलं नाही. टँकर आल्यावर बादल्या भरून घ्याव्यात, तसे ते एकेक वाक्य भरून घेत होते.

ऑडनं खांद्यावरचा टॉवेल काढून अण्णांच्या डोक्यावर ठेवला.

मी खाली गेले आणि उरलेल्या ताकाचं पातेलं वर घेऊन आले. या वेळी कुणी 'ताक' म्हटलं नव्हतं.